बिनस्वाराच्या घोड्यांचा रिंगणातील खेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात घोडा नवा नाही. दसऱ्याच्या शाही मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत आणि घोडागाडीच्या शर्यतीत तो सर्वांनी पाहिलेला असतो. मात्र पाठीवर कोणी नाही, लगाम कोणाच्या हातात नाही आणि तरीही सहा-आठ घोडे एका माणसाच्या इशाऱ्यावर वळतात, थांबतात, जोड्या लावतात, हे पाहिल्यावर लोकांच्या मनात अनेक शंका येतात. आमच्या पागेवर येणारे पाहुणे, शिकू इच्छिणारी मुले आणि त्यांचे पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

या खेळात घोडे नेमके काय करतात?

गोल रिंगणात घोडे मोकळे सोडले जातात आणि शिक्षक मध्यभागी पायी उभा असतो. घोडे कडेकडेने एकामागून एक धावतात, इशारा मिळताच सर्व जण एकदम उलट दिशेला वळतात, दोन-दोनच्या किंवा चार-चारच्या ओळी करतात, स्वतःभोवती गिरकी घेतात, मध्यभागी येऊन शिक्षकाकडे तोंड करून रांगेत उभे राहतात आणि नाव घेतलेला घोडाच तेवढा पुढे येतो. यातील एकेक हालचाल स्वतंत्रपणे पाहिली तर ती कुरणात खेळणाऱ्या कोणत्याही शिंगराला येते. ती हालचाल ठरलेल्या क्षणी, ठरलेल्या जागी आणि शेजारच्या घोड्याच्या बरोबरीने होणे, यात शिकवणुकीचा खरा कस लागतो.

रिंगणाचा व्यास ४२ फूटच का असतो?

हे माप फिलिप ॲस्टली या इंग्रज माणसाने रूढ केले. घोडदळातून निवृत्त झाल्यावर त्याने १७६८ साली लंडनमध्ये गोल रिंगणात घोडेस्वारीचे खेळ दाखवायला सुरुवात केली आणि पुढील काही वर्षांत ४२ फुटांचे, म्हणजे सुमारे १३ मीटरचे, माप कायम झाले. धावत्या घोड्याच्या पाठीवर उभे राहणाऱ्या स्वाराला तोल सांभाळण्यासाठी हे माप सोयीचे पडते, हे कारण बहुतेकांना ठाऊक असते.

बिनस्वाराच्या खेळाच्या दृष्टीने दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. मध्यापासून कडेपर्यंत अंतर अवघे २१ फूट राहते, त्यामुळे एक-दोन पावले सरकून लांब चाबकाचे टोक कडेच्या घोड्यापर्यंत नेता येते आणि हलक्या आवाजातील शब्दही प्रत्येक घोड्याला ऐकू जातो. घोड्यांच्या संख्येचा हिशेबही याच मापातून निघतो. ४२ फूट व्यासाचा घेर साधारण १३२ फूट होतो. एका घोड्याची लांबी आणि पुढच्या घोड्यापासूनचे अंतर मिळून अकरा फूट धरले, तर बारा घोड्यांत रिंगण पूर्ण भरते. नवशिक्यांना मात्र आम्ही एकाच घोड्यापासून सुरुवात करायला लावतो आणि त्याबाबत सवलत देत नाही.

ही कला परदेशीच ना? आपल्या भागाशी तिचा काय संबंध?

रिंगणाचे माप परदेशी आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु भारतीय सर्कशीचा पायाच आपल्या शेजारच्या एका अश्वशिक्षकाने घातला. सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे हे ग्वाल्हेरला राहून अश्वविद्या शिकले आणि हद्दू खाँ यांच्याकडे गाणेही शिकले. पुढे ते दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानी पागेत घोडे तयार करण्याचे काम करीत. किआरिनी यांची इटालियन सर्कस मुंबईत आली असताना असे खेळ हिंदी माणसांना जमणार नाहीत, असे उद्गार निघाले आणि छत्र्यांनी ते आव्हान स्वीकारले, अशी हकिकत सांगितली जाते. १८८० साली त्यांची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली. तिच्या खेळांचा कणा घोडे हाच होता, कारण मालकाची विद्या तीच होती. त्यानंतर म्हैसाळच्या देवलांसारख्या मंडळींनी आपापल्या सर्कशी काढल्या आणि कृष्णाकाठ या व्यवसायाचे माहेरघर झाला.

घोडे तयार करणाऱ्याला आपल्याकडे ‘चाबूकस्वार’ असा जुना शब्द आहे, निगा राखणाऱ्याला ‘मोतद्दार’ म्हणतात आणि लांब दोरावर घोडा गोल फिरवण्याला ‘कावा देणे’ म्हणतात. गनिमी कावा ऐकून माहीत असलेल्या अनेकांना ‘कावा’ या शब्दाचा हा अर्थ माहीत नसतो. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूरच्या पागांत हे शब्द रोजच्या बोलण्यात होते. ते पुन्हा वापरात यावेत, म्हणून या पानावर आम्ही मुद्दाम तेच वापरले आहेत.

वारीतील रिंगण आणि हे रिंगण एकच आहे का?

नाही. तरीही हा प्रश्न आम्हाला फार जवळचा वाटतो. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात अंकलीच्या शितोळे सरकारांकडून दोन अश्व येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो आणि दुसरा, माउलींचा अश्व, बिनस्वाराचा असतो, कारण त्यावर प्रत्यक्ष माउली बसलेल्या आहेत अशी श्रद्धा आहे. हा मोकळा अश्व वारकऱ्यांनी धरलेल्या रिंगणातून दौडत जातो आणि त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. कोल्हापूरकरांना यासाठी दूर जावे लागत नाही, कारण आषाढी एकादशीला नंदवाळला जाणाऱ्या दिंडीचे रिंगण पुईखडीला होते.

तो खेळ नव्हे, ती उपासना आहे. त्यामुळे आम्ही दोहोंची तुलना करत नाही आणि आमच्या खेळाला वारीच्या रिंगणाचे नाव वा रूप देत नाही. मात्र हजारो माणसे, टाळ-मृदंगाचा गजर आणि मोकळे मैदान असताना पाठीवर कोणी नसलेला घोडा आपली वाट सोडत नाही, हे ज्याने तेथे डोळ्यांनी पाहिले आहे, त्याला स्वाराविना घोडा बेभान होतो हा गैरसमज दूर करून सांगावा लागत नाही.

शिक्षकाच्या हातात चाबूक असतो. म्हणजे घोड्यांना मारूनच शिकवतात ना?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि तो विचारणाऱ्याचा आम्हाला राग येत नाही, कारण मारून शिकवणारे लोक होते आणि आजही आहेत.

योग्य रीतीने वापरलेला चाबूक हा लांब केलेला हात असतो. बहुतेक शिक्षक दोन चाबूक बाळगतात. आखूड चाबूक घोड्याच्या पुढे धरला की ‘सावकाश’ किंवा ‘थांब’ असा अर्थ होतो आणि लांब दोरीचा चाबूक मागच्या अंगाला दाखवला की ‘पुढे चल’ असा. दोहोंच्या मध्ये घोडा एखाद्या चौकटीत असल्यासारखा चालतो. चाबकाचे टोक जमिनीला लागले म्हणजे ‘आता काही करायचे नाही’ आणि ते शिक्षकाच्या पाठीमागे गेले म्हणजे ‘माझ्याकडे ये’, असे संकेत आम्ही ठेवले आहेत. प्रत्येक पागेचे संकेत वेगळे असू शकतात, पण एका पागेत ते रोज तेच असले पाहिजेत.

माराने हा खेळ उभा राहत नाही, याचे कारण साधे आहे. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. स्वाराखालचा घोडा घाबरला तरी लगाम आणि मांड यांच्या बळावर त्याला काही काळ जागी ठेवता येते, पण मोकळा घोडा घाबरला तर तो शिक्षकापासून शक्य तितका दूर राहतो, कठड्याला चिकटून धावतो आणि बोलावल्यावर मध्यभागी येत नाही. मध्यभागी येणे हाच या खेळाचा प्राण आहे, कारण तेथे येण्याची सक्ती करणारे कोणतेही साधन शिक्षकाच्या हातात नसते. स्वित्झर्लंडच्या क्नी सर्कशीतील फ्रेडी क्नी (थोरले) यांनी आपला सरावही प्रेक्षकांसमोर खुला ठेवला होता. आम्ही तोच नियम पाळतो. ज्या पागेत सराव पाहू दिला जात नाही, तेथे आपल्या मुलाला शिकायला पाठवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शब्द आणि चाबूक यांखेरीज घोड्याला आणखी कशातून कळते?

शिक्षक कोठे उभा आहे यातून. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवतालचे दिसते आणि अगदी नाकासमोरचा व थेट शेपटीमागचा भाग तेवढा दिसत नाही. त्यामुळे कडेने धावतानाही मध्यभागचा माणूस सतत त्याच्या नजरेत असतो. शिक्षक घोड्याच्या खांद्याच्या रेषेमागे राहिला तर घोडा पुढे जातो, रेषेच्या पुढे सरकला तर घोडा मंदावतो किंवा वळतो. छाती घोड्याकडे वळली तर दाब वाढतो, खांदा फिरवला तर दाब निघून जातो. घोडा बरोबर वागला की त्याच क्षणी दाब काढायचा असतो, कारण दाब नाहीसा होणे हेच त्याला ‘बरोबर’ असे सांगणे असते. माणसाचे दोन सेकंदही येथे फार उशिराचे ठरतात.

एक घोडा तयार व्हायला किती काळ लागतो?

एका घोड्याचे मूलभूत शिक्षण सहा-आठ महिन्यांत होते, आणि सहा घोड्यांचा गट सुरळीत चालायला वर्ष-दोन वर्षे लागतात. यापेक्षा घाई करणाऱ्यावर आमचा विश्वास नाही.

आधी मोहरकी, म्हणजे तोंडात लगाम नसलेला डोक्यावरचा पट्टा, घालून शेजारी चालणे, थांबणे, मागे सरकणे आणि सर्वांगाला हात लावू देणे शिकवले जाते. नंतर लांब दोरावर दोन्ही बाजूंनी कावा दिला जातो. एकाच दिशेला फिरवलेला घोडा एका अंगाने ताठर होतो आणि लहान वर्तुळात सांध्यांवर असमान ताण येतो, म्हणून दोन्ही दिशांना सारखाच वेळ द्यावा लागतो. त्यानंतर दोर सोडून एकट्याला रिंगणात चालवतात आणि मग अनुभवी घोड्याच्या मागे नवा घोडा लावतात. येथून पुढे शिक्षकापेक्षा तो जुना घोडाच अधिक शिकवतो. धडा वीस मिनिटांहून लांबवू नये आणि घोड्याने एखादी गोष्ट चांगली केली की तेथेच थांबावे. तीन वर्षांखालील शिंगरांना आम्ही वर्तुळात धावायला लावत नाही, कारण त्यांची हाडे अजून वाढत असतात.

कोणत्या जातीचे घोडे योग्य?

युरोपात अरबी, लिपिझानर आणि फ्रिजियन घोडे या खेळात अधिक दिसतात. आपल्याकडे मारवाडी आणि काठियावाडी घोडे चपळ व जागरूक असतात, आणि त्यांचे टोकाशी आत वळलेले कान लांबूनही वाचता येतात. आम्हाला स्वतःला दख्खनचा भीमथडी घोडा फार आवडतो. बांधा आटोपशीर असल्याने तो ४२ फुटांच्या वर्तुळात सहज वळतो, त्याचे खूर टणक असतात आणि आपले हवामान त्याच्या रक्तात आहे. अकलूज किंवा सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेताना रंग आणि नाच पाहून भुलू नये. त्याला मोकळ्या जागी सोडण्याची विनंती करावी आणि तो माणसाकडे वळून पाहतो की नाही, हे पाहावे.

एकत्र सोडलेले घोडे भांडत नाहीत का?

भांडतात. प्रत्येक कळपात मानपानाची उतरंड असते आणि ती ओळखल्याशिवाय रांग लावता येत नाही. सर्वांत दांडगा घोडा पुढे ठेवावा असे वाटते, पण पुढारी म्हणून शांत आणि एका गतीने धावणारा घोडा लागतो. ज्यांचे पटत नाही, त्यांच्यामध्ये दोघांनाही चालणारा तिसरा घोडा घालतात. प्रत्येकाची जागा कायम ठेवली की तो ती स्वतःच राखतो. पागेतील ठाणही, म्हणजे बांधण्याची जागाही, आम्ही त्याच क्रमाने देतो, म्हणजे रिंगणातील शेजारी हाच रात्रीचा शेजारी असतो.

आमच्या सुरुवातीच्या काळात आम्ही एका घोडीला रांगेत न थांबताही, ती अंगावर रेटत आल्यावर, खाऊ देत राहिलो. महिन्याभरात तिने शेजारच्या घोड्याला चावून बाजूला सारून पुढे यायला सुरुवात केली. चूक पूर्णपणे आमची होती. तेव्हापासून खाऊ फक्त घोडा स्वतःच्या जागेवर उभा असताना आणि त्याचे तोंड सरळ असतानाच दिला जातो.

घोड्याला मागच्या दोन पायांवर उभे करणे योग्य आहे का?

सर्वच घोड्यांना ते शिकवू नये. सव्वाचारशे किलोचा भार काही क्षण मागच्या गुडघ्यांवर आणि कमरेवर येतो, त्यासाठी स्नायू तयार असावे लागतात. ज्याला ती हालचाल स्वभावतः आवडते अशाच तरुण, निरोगी घोड्याकडून, क्वचित आणि मऊ जमिनीवर ती करून घ्यावी. प्रेक्षकांच्या टाळ्या याच हालचालीला अधिक मिळतात, म्हणून तिचा अतिरेक होतो, ही खेदाची गोष्ट आहे. सर्व घोडे एकदम वळून दिशा बदलतात ती हालचाल याहून कितीतरी अवघड असते.

काही ठिकाणी घोड्यांची मान पट्ट्यांनी आवळलेली दिसते. ते आवश्यक असते का?

लगामाच्या कडीपासून छातीच्या तंगापर्यंत (अंगाभोवती बांधलेल्या पट्ट्यापर्यंत) जाणारे हे पट्टे डोके ठरावीक उंचीवर राहावे आणि शेजारच्याला चावता येऊ नये म्हणून लावतात. सैल असतील तर त्यांचा फारसा त्रास नाही. आवळल्यास हनुवटी छातीला भिडते, घोड्याला पुढचे नीट दिसत नाही आणि श्वासालाही अडथळा होतो. आम्ही ते वापरत नाही. डोक्यावर तुरा आणि साधी मोहरकी एवढाच साज आम्हाला पुरेसा वाटतो.

वरातीत नाचणारा घोडा या खेळासाठी घेता येईल का?

घेता येईल, परंतु त्याला बहुतेक सर्व नव्याने शिकवावे लागते. वरातीतील घोडा आखूड धरलेल्या लगामाला प्रतिसाद देत जागच्या जागी पाय उचलत असतो. तो मोकळा सुटला की गोंधळतो. त्यातच काही ठिकाणी काटेरी लगाम वापरलेला असतो, आणि अशा घोड्याच्या जिभेवर व ओठांच्या कडांवर जुन्या जखमांचे वण सापडतात. त्याला आधी काही महिने विश्रांती आणि तोंडाला काहीही न लावता फिरणे द्यावे. हलगी आणि ताशाची मात्र त्याला भीती नसते, हा त्याचा मोठा फायदा.

तालमीतील लाल माती रिंगणासाठी चालेल का?

कोल्हापूरकराने हा प्रश्न विचारणे साहजिक आहे. हौद्यातील माती तेल, ताक, हळद घालून माणसाच्या अंगासाठी मळलेली असते. घोड्याच्या टापांखाली ती लवकर दबते आणि ओली झाली की निसरडी होते. रिंगणासाठी खाली घट्ट चोपलेला, पाणी निथळून जाईल असा थर आणि वर दोन-तीन इंच सुटी माती किंवा वाळू व लाकडाचा भुसा यांचे मिश्रण लागते. सराव सुरू होण्यापूर्वी ते रोज दाताळ्याने सारखे करावे, कारण घोडे एकाच वाटेने धावून कडेला चर पाडतात. धूळ बसण्याइतकेच पाणी शिंपडावे.

घोड्यांना गूळ आणि उसाचे वाढे देता का?

गुळाचा लहान खडा बक्षीस म्हणून चालतो, परंतु दिवसभरात मूठभराच्या वर जाऊ देऊ नये. स्थूल घोड्याला किंवा ज्याच्या खुरांना पूर्वी सूज आली आहे त्याला तो मुळीच देऊ नये. अशा वेळी गाजराचा तुकडा बरा.

वाढ्यांबाबत आमचा सल्ला अधिक कडक आहे. आपल्या भागात गळिताच्या हंगामात वाढे मुबलक मिळतात आणि जनावरांपुढे तेच टाकण्याची सवय असते. वाढ्यांतील ऑक्झॅलेट शरीराला कॅल्शियम मिळू देत नाही. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात त्याचा बराच भाग मोडला जातो, घोड्याच्या पोटात तसे होत नाही. त्यात भर म्हणून रोज गव्हाचा कोंडा दिला तर फॉस्फरस वाढतो, हाडे ठिसूळ होतात आणि जबड्याची हाडे फुगतात. वाळलेले चांगले गवत हाच मुख्य आहार असावा आणि चंदी, म्हणजे दाणा, कामाच्या प्रमाणात द्यावी. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे खाण्यातील चूक थेट पोटशूळावर जाते आणि पोटशूळ त्याचा जीव घेऊ शकतो.

पावसाळ्यात सराव कसा होतो?

छप्पर असेल तरच होतो. उघडे रिंगण जून ते सप्टेंबर बंद ठेवावे. ओल्या ठाणावर उभ्या राहिलेल्या घोड्याच्या खुराच्या तळचा मऊ भाग कुजतो आणि त्याला दुर्गंधी येते, म्हणून खूर रोज दोनदा साफ करून कोरडे करावेत. पागेसाठी जागा पाहताना २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचे पाणी तेथे कोठवर आले होते, हे गावकऱ्यांना विचारून घ्यावे. रात्री पाणी चढत असताना अनेक घोडे हलवणे किती कठीण असते, हे आम्ही अनुभवले आहे.

घोडे संगीताच्या तालावर धावतात का?

पाहणाऱ्याला तसे वाटते. वस्तुतः वादक घोड्यांच्या टापांकडे पाहून लय ठेवतात आणि घोड्यांनी चाल बदलली की तेही बदलतात. दुडक्या चालीला एक ठेका आणि धावेला दुसरा, असे चांगल्या वादकाला पाठ असते.

कायद्याने घोड्यांचा खेळ करता येतो का?

प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार खेळात वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांची नोंदणी आवश्यक आहे आणि त्यासाठी २००१ सालचे स्वतंत्र नियम आहेत. नोंदणी भारतीय पशु कल्याण मंडळाकडे करावी लागते. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी आली व २०११ साली त्यात बैलाची भर पडली. घोडा या यादीत नाही. मात्र सर्कशीतील सर्वच प्राण्यांचे खेळ थांबवण्याचा मसुदा केंद्र सरकारने २०१८ साली प्रसिद्ध केला होता. त्यामुळे घोडा विकत घेण्यापूर्वी मंडळाकडे सद्यस्थितीची लेखी चौकशी करावी. नोंदणीच्या अर्जात जो खेळ लिहिला असेल तोच करावा लागतो.

प्रेक्षक म्हणून घोडे आनंदात आहेत की भयात, हे कसे ओळखावे?

कान आणि शेपटी पाहावी. एक कान पुढे आणि एक मध्यभागच्या शिक्षकाकडे वळलेला, शेपटी सैल हलणारी आणि नाकपुड्या मोकळ्या असतील तर घोडा कामात रमला आहे. कान मागे चिकटलेले, शेपटी आपटणारी किंवा पायांत दाबलेली, डोळ्याचे पांढरे दिसणारे आणि घाम कामाच्या मानाने फार जास्त, अशी लक्षणे असतील तर काहीतरी बिघडले आहे. खेळ संपल्यावर घोडे दाराकडे धाव घेतात की शिक्षकाजवळ घुटमळतात, हेही पाहावे. आपल्याला जे दिसले ते संयोजकांना जरूर सांगावे. चांगल्या शिक्षकाला ते ऐकायचे असते.

मुलांना कोणत्या वयापासून शिकता येईल?

दहा वर्षांपासून पुढे, आणि पहिले दोन महिने फक्त मोतद्दाराच्या हाताखाली. खरारा करणे (अंग घासून साफ करणे), खूर साफ करणे, ठाण झाडणे आणि पाणी दाखवणे यांतून घोड्याची देहबोली कळते. रिंगणात बंद बूट आणि हेल्मेट सक्तीचे आहे. धनुर्वाताची लस घेतलेली असावी, कारण पागेच्या मातीत त्याचे जंतू असू शकतात.

म्हातारे झालेले घोडे कोठे जातात?

चांगली निगा राखलेला घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो आणि रिंगणातील त्याचे काम साधारण अठराव्या-विसाव्या वर्षी थांबवावे लागते. म्हणजे पुढील आठ-दहा वर्षे त्याला काम न करता पोसण्याची तयारी ज्याच्याकडे नाही, त्याने पहिला घोडाच घेऊ नये. आमच्याकडील निवृत्त घोडे नव्या शिंगरांबरोबर कुरणात असतात. सकाळी सरावाची घंटा झाली की त्यांतील एक घोडी आजही फाटकाशी येऊन उभी राहते. तिला आम्ही आत घेतो, एक फेरी तिच्या चालीने चालू देतो आणि गाजर देऊन परत सोडतो.